‘शुगर बोर्ड’ची थट्टा करणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

सीबीएसईने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं, म्हणजे कोणत्या खाण्यात किती साखर आहे हे मुलांना दिसेल असा फलक. त्यावर एक फॉरवर्ड फिरतोय: ‘मधुमेह चाळिशीनंतरचा, तोही खानदानी आजार. पोरं खेळून जिरवतात. गोड हवं तर गूळ द्या. फळ्याने मधुमेह टळत नसतो.’

चाळिशीनंतरचा? २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाच्या मुलांपैकी साधारण दहांत एकाची उपाशीपोटीची साखर मधुमेहपूर्व पातळीत, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त पण मधुमेहापेक्षा कमी, होती. ‘आमचा तर काडी पैलवान’ म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने दाखवलंय की आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी भरतात, पण अंगावरची चरबी त्या मानाने कमी नसते. बारीक दिसणं आणि धोका नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खानदानी, हे खरं. पण म्हणून अटळ नव्हे. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी आहार-व्यायाम बदलला आणि तीन वर्षांत मधुमेह होण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला. ती मोठी माणसं होती, मान्य. पण अनुवंशिकता त्यांच्यातही होतीच की.

गूळ म्हणजे मुख्यतः साखरच. पुढे.

खेळून जिरवतात म्हणे! ३०० मिलीच्या कोलात सुमारे ३२ ग्रॅम साखर असते, आठ चमचे. आणि खेळतात कधी? शाळा, क्लास, मोबाइल यांतून रोजचा तासभर घाम कुणाच्या पोराचा निघतो?

शेवटच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. अमेरिकेत २००६ ते २००९ मध्ये ४२ शाळांत ‘हेल्दी’ प्रयोग झाला. निम्म्या शाळांत कॅन्टीन, पीटी आणि धडे, तिन्ही बदलले. तरी लठ्ठ व जास्त वजनाच्या मुलांचं एकूण प्रमाण दोन्हीकडे सारखंच घटलं. कंबरेचा घेर आणि उपाशीपोटीचं इन्सुलिन मात्र प्रयोगाच्या शाळांत अधिक सुधारलं. थोडक्यात, नुसता फळा पुरत नाही. पण म्हणून तो पुसायचा कशाला? एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या २०२० च्या नियमानुसार शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकता येत नाहीत. पालकसभेत त्या नियमाचा विषय काढा, आणि दहावीचा पीटीचा तास गणिताला का गेला तेही विचारा.