पासपोर्ट काढताय? मग घाई कशाला!

मुलगा न्यू जर्सीत, सुनेला सातवा लागलाय आणि तुम्हा दोघांकडे पासपोर्ट नाही. अर्ज करायची हीच योग्य वेळ. त्याआधी काढून ठेवला तर तालुक्याच्या गावात पंचाईत होते. लोक विचारतात, "कुठं निघालात?" आणि कुठंच नाही म्हणालात तर कुणाचा विश्वास बसत नाही.

फॉर्म मात्र स्वतः भरायचा नाही. परराष्ट्र मंत्रालयाचं संकेतस्थळ सगळ्यांना खुलं आहे, त्याच्या पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन असतं, 36 पानी पासपोर्टची फी 1500 रुपये असते आणि ती तिथंच भरता येते. विचारतात काय, तर नाव, गाव, आईबाप, शिक्षण. एवढ्याशा कामाला तुम्ही स्वतः बसलात तर तहसील कचेरीसमोर टेबल टाकून बसलेल्या पोरांनी जायचं कुठं? त्यातल्याच एकाला गाठा. तो मान वर न करता विचारेल, "साधा का तत्काळ?" तत्काळला 2000 रुपये जास्त लागतात, हे तो लगेच सांगेल, त्याचे स्वतःचे किती, ते फॉर्म भरून झाल्यावर. ई-मेलच्या रकान्यात तो आपलाच ई-मेल टाकेल. घाबरू नका, निम्म्या तालुक्याचा तोच आहे. पासवर्डही त्याच्याकडेच राहतो. पुढंमागं तो हे सगळं बंद करून मोबाइल दुरुस्तीला लागतो, पण ते पुढचं पुढं.

त्याच्या शेजारी स्टॅम्पवाला असतो, त्याच्या शेजारी नोटरी. डिसेंबर 2016 मध्येच सरकारने जाहीर केलं की लग्नाचा दाखला सक्तीचा नाही, आणि अर्जासोबतची जोडपत्रं साध्या कागदावर आपल्या सहीनं चालतील, नोटरी नको. ही बातमी त्या बाकड्यापर्यंत पोचलेली नाही. तुम्हीही पोचवू नका. उगीच कुणाच्या पोटावर पाय कशाला?

आता तुम्ही कोण आहात, या अवघड विषयाकडे वळू. शाळेच्या दाखल्यावर तुम्ही पांडुरंग. आधारवर पांडुरंगराव, कारण मशीनवाल्या पोरानं मान दिला. पॅनवर पी. व्ही. आणि सातबाऱ्यावर पांडू. वडिलांचं नाव इंग्रजीत लिहिताना 'विश्वनाथ'ला कुठं 'व्ही' लागलाय, कुठं 'डब्ल्यू'. हे सगळे इसम एकच आहेत, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. फक्त गाव टेबलापलीकडे बसलेलं नसतं. म्हणून आधी काहीही जुळवून घेऊ नका. अर्ज टाका, अपॉइंटमेंट घ्या, जा, आणि मग तिथं काउंटरवर समजावून सांगा. मागं रांग असली की समजावण्यात वेगळीच मजा येते.

जन्मतारीख एक जून असेल तर अगदी निश्चिंत राहा. तुमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांची तीच आहे. जूनमध्ये शाळा उघडायची, पोरगं सहा वर्षांचं बसवायचं, गुरुजींनी हिशेब केला आणि एका ओळीत सगळ्यांना जन्माला घातलं. आईला विचाराल तर ती सांगेल, बहात्तरच्या दुष्काळातला, पोळ्याच्या आदल्या दिवशीचा. खरं तर जन्मदाखल्याची सक्ती 1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच आहे. तुम्हाला शाळा सोडल्याचा दाखला चालतो. पण कुणीतरी पारावर म्हणालं ना, "जन्मदाखल्याशिवाय होत नाही हल्ली"? मग झालं. आईच्या माहेरी जा, कारण पहिलं बाळंतपण तिथलं. ग्रामसेवकाला गाठा, जुनी रजिस्टरं काढायला लावा. नोंद सापडणार नाहीच. वर्ष उलटलेल्या जन्माची नोंद करायला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि तुमचं तर अर्धशतक उलटलंय. तेवढ्यात दिवाळी येते.

बायकोचं प्रकरण याहून रंगतदार. शाळेत ती मंगल. लग्नात तुम्ही ताटातल्या तांदळात अंगठीनं 'वैशाली' लिहिलंत, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या तांदळाची सत्यप्रत कुणी काढून ठेवली नाही. रेशनकार्डावर वैशाली, दाखल्यावर मंगल, गॅसच्या पुस्तकावर कुणीतरी तिसरीच. राजपत्रात नावबदल छापून घेण्याची सोय आहे, हे तिला तीस वर्षांत कुणी बोललं नाही, आता तुम्ही बोलाल तेव्हा ती एकच विचारेल, "बदललं कुणी होतं?" उत्तर देऊ नका.

अपॉइंटमेंट कुठली घ्यायची? जानेवारी 2017 पासून पोस्टातच पासपोर्टची केंद्रं सुरू झाली, ती मुद्दाम लहान गावच्या माणसाला पुण्या-नागपूरला हेलपाटा पडू नये म्हणून. तरीही पुण्याचीच घ्या. तिथं साडू राहतो, आणि जिल्ह्याच्या पोस्टात झालेल्या पासपोर्टनं विमानात बसू देतात की नाही, याबद्दल गावात दोन मतं आहेत.

जाताना सगळं न्या. आधार, दाखला, लाइट बिल, सातबारा, आठ-अ, जातीचा दाखला, लग्नपत्रिका. प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स. कोट घालून स्टुडिओत काढलेले फोटोही न्या, म्हणजे "फोटो इथंच काढतात" हे ऐकून ते परत खिशात घालता येतील. बोटांचे ठसे घेताना मशीन तुमचा अंगठा ओळखणार नाही. काउंटरवरच्या मुलीला राग येतो, "पुन्हा ठेवा, जोरात दाबा." जन्मभर खुरपं आणि फावडं धरलेल्या हातावर आता रेषा उरल्यात कुठं, हे तिला सांगत बसू नका. अंगठा पॅन्टला पुसा आणि पुन्हा ठेवा.

मग घरी येऊन पोलिसांची वाट बघा. व्हेरिफिकेशनसाठी शेजारच्या दोघांची नावं फॉर्ममध्ये द्यावी लागतात. त्यातला एक तोच द्या, ज्याच्याशी बांधावरून बोलणं बंद आहे. घर सगळ्यात जवळ त्याचंच. त्यानं मागं तुमच्यावर दिलेली तक्रार या निमित्तानं पुन्हा वाचली जाईल. खरोखर कोर्टात फौजदारी खटला चालू असेल तर एजंट म्हणेल, "लिहू नका, काही होत नाही." त्याला नक्कीच काही होत नाही. 1967 च्या पासपोर्ट कायद्यात माहिती लपवल्याबद्दल दोन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, पण ती सही करणाऱ्याला. फॉर्मवर त्याची सही कुठं आहे?

ठाण्यातून फोन येईल. झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन जा. साहेब बंदोबस्ताला गेलेले असतील, परवा या. परवा गेलात की खुर्ची देतात. या चौकशीला ठाण्यात काही फी भरायची नसते. हे तुम्हाला माहीत आहे आणि त्यांनाही माहीत आहे, त्यामुळे तो विषय कुणीच काढत नाही. फक्त विचारतात, "मुलगा अमेरिकेत का? काय करतो?" तिथं अभिमानानं पगार सांगू नका. अर्थात तुम्ही सांगणार. गेलं वर्षभर सगळ्यांना सांगताय. सगळेच ठाणेदार असे नसतात, हेही लिहायला हवं. काही जण घरी येऊन, मोबाइलवर माहिती भरून, पाणीसुद्धा न घेता जातात. गावात त्यांच्याबद्दल जरा संशयानं बोललं जातं.

कोरी पुस्तिका छापतात आपल्याच नाशकात, इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. नाव-गाव छापून ती स्पीड पोस्टानं येते आणि पोस्टमन ज्याची त्याच्याच हातात देतो. म्हणून त्या आठवड्यात नेमके बाहेरगावच्या लग्नांना जा. आली की आधी हळदकुंकू लावा, मग शेजाऱ्यांना दाखवा, स्टेटसला टाका. शेवटच्या पानावरचं आईचं नाव सगळ्यात शेवटी वाचा.

एव्हाना नातवाला दात आलेले असतील. हरकत नाही, वाढदिवसाला जा. आता व्हिसाचा अर्ज. तो भरायला पुन्हा त्याच पोराकडे जाल, तो मोबाइलच्या दुकानातून हात पुसत बाहेर येईल. त्या अर्जात एक प्रश्न असा आहे: तुम्ही आजवर आणखी कुठली नावं वापरली आहेत का?

बायकोलाही बोलावून घ्या.