‘जर’ शब्द विसरून कसं चालेल?

कोविडची साथ किती पसरेल याचा अंदाज देणाऱ्या गणिती मॉडेलांचे आकडे खोटे ठरले, म्हणून धोरण ठरवताना ती बाजूला ठेवावीत, असं एका लेखाच्या लेखकाचं म्हणणं आहे. मला हे अजिबात पटलं नाही. लंडनच्या इंपीरियल कॉलेजने मार्च २०२० मध्ये ब्रिटनसाठी सुमारे ५ लाख १० हजार मृत्यूंचा आकडा दिला, तो ‘काहीच उपाय केले नाहीत तर’ या अटीवर. उपाय झाले, लोक घरात थांबले. मग तो आकडा खोटा ठरला असं कसं म्हणायचं?

खरी अडचण गृहीतकांत असते. मुंबईचंच बघा. जुलै २०२० मध्ये तीन वॉर्डांत अँटिबॉडीची पाहणी झाली, तेव्हा झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचं दिसलं आणि इतर वस्तीत १६ टक्के. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं, संडास सार्वजनिक, तिथे अंतर पाळायचं कसं? अख्ख्या शहराला संसर्गाचा एकच दर लावणारं मॉडेल इथे तोंडघशीच पडणार. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था (आयआयएससी) यांनी आपल्या मॉडेलमध्ये दाट वस्तीतला संपर्क वेगळा धरला, ते म्हणूनच मोलाचं.

आणि हे शास्त्र आपल्याला परकं नाही. साथींच्या गणिताचा पाया घालणाऱ्या करमॅक आणि मॅकेंड्रिक या शास्त्रज्ञांनी १९२७ च्या शोधनिबंधात आपलं गणित पडताळलं ते १९०५-०६ च्या मुंबईतल्या प्लेगच्या मृत्यूंवर!

महापालिकांनी निर्बंध लावताना कोणतं मॉडेल वापरलं, त्यात काय गृहीत धरलं, हे वॉर्डनिहाय आकड्यांसकट मराठीत जाहीर करावं. ही मागणी लेखात असायला हवी होती.