भडंगीकुंकू

आमच्या घरात चूल एक, टीव्ही एक, गाडीची किल्ली हरवायची जागासुद्धा एकच. वेबसाइट मात्र तीन. त्या तिन्हींची एक करावी की तीनच ठेवाव्यात यावर गेल्या दीड वर्षात आमच्याकडे जेवढी खलबतं झाली, तेवढी आजोबांच्या जमिनीच्या वाटणीलाही झाली नव्हती. तिथे निदान तलाठी होता.

आमचं सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान. माझी तिसरी पिढी. आजोबा रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे, वडील फोनवर ओरडून ठरवायचे, मी व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा दाखवतो. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि इंजिनिअरिंगला असलेला माझा पुतण्या म्हणाला, "काका, आता वेबसाइट पाहिजेच. लोक गूगलवर सांगलीची हळद शोधणार आणि त्यांना समोरचा गाळेवाला दिसणार." वर्मावर बोट ठेवणं पोराला उपजत येतं.

पहिल्या वर्षी नावाचे ९९ रुपये. दुसऱ्या वर्षी किती, हे विचारायचं मला सुचलं नाही. जन्मभर दुसऱ्याच्या मालात खोट काढणारा माणूस मी, पण ९९ आकडा बघितला की बुद्धी पाणी भरायला जाते. पुतण्याने समजावलं, "डोमेन म्हणजे पाटी आणि होस्टिंग म्हणजे गाळा. गाळा एकदा घेतला की त्याच्यावर पाट्या कितीही लावता येतात." घात झाला तो या वाक्याने.

दुसरी पाटी हिची. हिच्या हातचं भडंग आधी पुण्याला शिकणाऱ्या मुलांना डब्यातून जायचं, मग त्यांच्या खोलीतल्या पोरांना, मग त्या पोरांच्या आयांना. ऑर्डरी यायला लागल्या. मी उदारपणे म्हणालो, "हळदीच्या साइटवर तुला एक पान देतो की."

"माझं भडंग तुमच्या पोत्यांशेजारी? वास लागेल त्याला."

वेबसाइटला वास लागत नसतो, हे मी तिला पटवू शकलो नाही. बरं, बोलण्यात अर्थही होता. हळदीचं गिऱ्हाईक गाडीभर माल घेतं, चार फोन करतं, घासाघीस करतं आणि उधारी ठेवतं. भडंगाचं गिऱ्हाईक अर्धा किलो घेतं, जागेवर पैसे देतं आणि "चुरमुरे मऊ तर पडणार नाहीत ना?" एवढंच विचारतं. या दोघांना एकाच बाकावर बसवून काय बोलायला लावणार?

तिसरी पाटी अप्पांची. अप्पा म्हणजे माझे चुलते, वय ७८. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीच्या राजवाड्यात नाटक केलं आणि तिथून मराठी रंगभूमी सुरू झाली, हे ते दूधवाल्यालाही सांगतात. त्यांच्याकडे एक ट्रंक आहे. तीत नाटकांची हँडबिलं, तिकिटांचे अर्धे तुकडे आणि स्वतः हौशी नाटकांत कामं केल्याचे फोटो. "मी गेल्यावर हे तुम्ही रद्दीत घालणार. त्यापेक्षा आत्ताच तुझ्या त्या जाळ्यात टाक," म्हणाले. अट एकच. नाटकाच्या पानावर हळदीचा भाव दिसता कामा नये.

शिवाय पत्ता देवनागरीत पाहिजे. "मराठी नाटक काय इंग्रजी स्पेलिंगनं शोधायचं?" देवनागरीत 'डॉट भारत' असा पत्ता २०१४ पासून मिळतो, तो घेऊन दिला. फोनवर दिसायचा झकास. पण पुतण्याने तो उचलून व्हिजिटिंग कार्डवाल्याला पाठवला तेव्हा वाटेत त्याचं मूळ रूप बाहेर आलं. देवनागरी पत्ता यंत्राच्या पोटात रोमन अक्षरांत साठवलेला असतो. आधी एक्स, मग एन, मग दोन आडव्या रेघा आणि पुढे मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखी अक्षरं. छापणाऱ्याने इमानेइतबारे तेच छापलं. अप्पांनी नाट्यमंदिराच्या दारात उभं राहून दोनशे कार्डं वाटली. एका गृहस्थांनी ते लॉकरचा पासवर्ड समजून परत आणून दिलं. मग अप्पांसाठी एक डॉट कॉमही घेतलं. म्हणजे साइट तीन, पाट्या चार.

आता या चारांचं बाळंतपण कोणी करायचं? प्रत्येक साइटचा पासवर्ड निराळा. प्रत्येकीची प्लगिन्स, म्हणजे साइटला जोडलेली छोटी अवजारं, दर आठवड्याला "मला अपडेट करा" म्हणून हाका मारणार. ब्राउझरने साइटला असुरक्षित म्हणू नये म्हणून एक प्रमाणपत्र लागतं. आमचं फुकटातलं, त्याची मुदत ९० दिवसांची. आपोआप नवं होतं म्हणतात, एकदा झालं नाही, आणि भडंग मागवणाऱ्या बायकांना ब्राउझरने "ही साइट धोकादायक असू शकते" असं सांगितलं. हिने त्या दिवशी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं तिला कुठलंही अपडेट नाही.

आणि मजकूर! तीन साइटना तीन "आमच्याविषयी" लागतात. हळदीचा मी मार्च महिन्यात, आवक भरात असताना, रात्री जागून लिहिला होता. भडंगाचा लिहायला वेळ नव्हता. म्हणून मी हळदीचा मजकूर उचलला आणि कॉम्प्युटरला सांगितलं, जिथे जिथे 'हळद' आहे तिथे 'भडंग' कर. क्षणात झालं. वाचून बघायची गरज वाटली नाही, कारण मूळ मजकूर माझाच होता आणि उत्तम होता.

तीन महिन्यांनी हिच्या मावशीने इचलकरंजीहून फोन करून विचारलं, "अगं, भडंगीकुंकू म्हणजे काय?"

मी साइट उघडली. 'हळदी'च्या पोटात 'हळद' असतेच, त्यामुळे यंत्राने हळदीकुंकवालाही सोडलं नव्हतं. पहिल्याच ओळीत "आमची भडंग थेट शेतकऱ्याकडून येते," असं होतं. "ती शिजवून, उन्हात वाळवून, पॉलिश केलेली असते. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीला भडंग लावण्याची आपली परंपरा प्राचीन आहे. जखमेवर चिमूटभर भडंग दाबून धरल्यास रक्त थांबते. रोज रात्री गरम दुधातून भडंग घ्यावी." आणि शेवटी, "संक्रांतीच्या भडंगीकुंकवासाठी घाऊक दरात मिळेल."

तीन महिने हे जगाला दिसत होतं आणि कोणी हूं की चूं केलं नव्हतं. मला जास्त काय लागलं ते अजून ठरवता येत नाही. चूक झाली हे, की तीन महिने कोणी ते वाचलंच नव्हतं हे. पावसाळ्यात सांगलीकर आयर्विन पुलाशी कृष्णेच्या पाण्याची पातळी जशी बघतो, ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, तसा मी रोज सकाळी तिन्ही साइटवर किती माणसं आली ते बघायचो. आमची पातळी कायम घोट्याएवढी.

पुढचा प्रकार अप्पांच्या डॉट कॉमचा. नूतनीकरणाची पत्रं ज्या ईमेलवर यायची त्याचा पासवर्ड मी २०१९ च्या कॅलेंडरच्या जुलैच्या पानामागे लिहिला होता. ऑगस्टमध्ये महापूर आला, कॅलेंडर तळमजल्यावर होतं. पूर ओसरल्यावर आम्ही धान्य, गाद्या, फ्रिज यांचं दुःख केलं. जुलैच्या पानाची आठवण कोणाला असणार? कार्डातून पैसे आपोआप कापले जात होते तोवर निभावलं. मग बँकेने कार्ड बदललं.

डोमेन मेलं की त्याचंही एक मर्तिक असतं, हे तेव्हा कळलं. मुदत संपल्यावर थोडे दिवस कोणी काही बोलत नाही. मग ३० दिवस त्याचा जीव घुटमळतो, त्या काळात दंड भरला तर परत येतं. मग शेवटचे पाच दिवस, ज्यात कोणालाच काही करता येत नाही. त्यानंतर पाटी मोकळी, पहिला येईल त्याची. आमच्या बाबतीत कावळा केव्हाच शिवून गेला होता. अप्पा मित्रमंडळींना टॅबवर आपली साइट दाखवायला गेले आणि समोर रमी. रंगीत पत्ते, नाणी, "आत्ताच खेळा".

मी घाबरत घाबरत अप्पांकडे गेलो. ते शांत होते. "अरे, नाटक कंपन्या शेवटी पत्त्यांच्या नादातच बुडायच्या. परंपरा पाळली म्हणायची." मग थोड्या वेळानं, "पण हे लोक बोनस देतात म्हणे, खरंय का?"

त्या रात्री घरात बैठक बसली. मी, ही, अप्पा, पुतण्या आणि दुकानाचे दिवाणजी. पुतण्याचं म्हणणं, सगळं एका साइटखाली आणा. गूगलच्या लेखी तीन नव्या साइट म्हणजे गावात आलेली तीन अनोळखी माणसं, तिघांनाही ओळख पहिल्यापासून करून घ्यावी लागते. एक साइट केली की एकाच नावाचं वजन वाढतं. हिचं म्हणणं, वजन वाढेल पण पोत्याचं. दिवाणजी चाळीस वर्षं हळदीत आहेत, ते अशा वेळी सांगलीशेजारच्या हरिपूरच्या पेवांवर येतात. पेव म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खड्डा, तोंड अरुंद आणि पोट मोठं. उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही. कंदील सोडून बघायचा, विझला तर थांबायचं.

"मालक," ते म्हणाले, "सगळा माल एका पेवात घातला आणि पाणी शिरलं तर सगळंच गेलं. २००५ ला बघितलंय आपण. पण म्हणून धा पेवं घेतली तर प्रत्येकाचं तोंड लिंपायला माणूस कुठाय? तुमच्याकडं लिंपणारा हा एकच पोरगा, आणि त्याची परीक्षा हाय."

पुतण्या वहीत काहीतरी लिहून घेत होता. ठरलं, एकच साइट.

मग खरं महाभारत. साइटच्या डोक्यावर आडवी पट्टी असते, तिच्यात आधी कोणाचं नाव? लग्नपत्रिकेत 'आपले विनीत'खाली कोणाचं नाव वर आणि कोणाचं खाली यावरून ज्यांच्या घरात अबोले झालेत, त्यांना जास्त सांगायला नको. अप्पा वयाने मोठे म्हणून नाटक पहिलं. दुकान तीन पिढ्यांचं म्हणून हळद पहिली. ही काहीच बोलली नाही, फक्त म्हणाली, "गेल्या महिन्यात पैसे कोणी आणले?" भडंग पहिलं आलं.

भडंगाच्या जुन्या पत्त्यावर ३०१ लावलं. म्हणजे गाळ्याला 'आमचे दुकान कायमचे स्थलांतरित' अशी पाटी लावून गिऱ्हाइकाला हाताला धरून नव्या दारात नेऊन सोडायचं. रमीवाल्यांच्या दारावर अर्थातच आम्हाला पाटी लावता आली नाही.

पहिल्या पानावर तीन फोटो आले. हळदीचा ढीग, भडंगाची परात आणि मध्ये १९७४ साली नायिका झालेले अप्पा. नऊवारी, नथ, हनुवटीला बोट. फोटो खरोखर देखणा आहे. पहिल्याच आठवड्यात नगर जिल्ह्यातून एका व्यापाऱ्याचा फोन आला, वीस क्विंटल हळद पाहिजे होती. भाव सांगितला. तो म्हणाला, "तुमच्या त्या बाईंशी बोलू का? चेहऱ्यावरून त्या समजूतदार वाटतात." मी फोन अप्पांच्या हातात दिला. सौदा झाला, आणि माझ्या भावापेक्षा चाळीस रुपये जास्तीने झाला.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना दिवाळी आली. हिच्या ऑर्डरींचा ढीग लागला होता आणि मी, मदत म्हणून, एक प्लगिन अपडेट केलं. साइट पांढरी झाली. हळद नाही, भडंग नाही, नायिका नाही, नुसतं धुतलेलं धोतर. पुतण्याचा पेपर दुसऱ्या दिवशी. तो रात्री दोनला बॅकअप काढत होता, ही दारात उभी होती आणि "वास लागेल म्हणत होते मी" एवढंच म्हणत होती.

आता पुतण्याने नवा तोडगा आणलाय. वर्डप्रेस म्हणून साइट चालवायची जी यंत्रणा असते, तिच्यात २०१० पासून अशी सोय आहे म्हणे की यंत्रणा एकच, पण आत साइट कितीही. प्रत्येकाला आपलं दार, आपली पाटी. देखभाल एकाच जागी.

"म्हणजे सासूबाईंच्या वेळचा वाडा," ही म्हणाली. "तीन बिऱ्हाडं आणि नळ एक. नळ गेला की तिघंही अंघोळीवाचून."

पुतण्याने मान्य केलं की नळ गेला तर तसंच होतं.

यावर निर्णय रविवारी घ्यायचा ठरला. रविवारी सगळे जमले, चहा झाला, आणि अप्पांनी खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला. म्हणाले, "तुमचं ठरेपर्यंत मी थांबलो नाही. ऑफर रात्री बाराला संपत होती. ९९ ला एक, अशा चार पाट्या घेतल्या. एक नाटकाला, एक माझ्या नायिकेच्या फोटोला, एक तुझ्या नावाची."

"आणि चौथी?"

"भडंगीकुंकू डॉट कॉम. कोणीच घेतलेली नव्हती रे."