म्हणे धर्म गेला की अन्याय गेला

एक मेसेज सध्या जिकडेतिकडे फिरतोय. थोडक्यात असा: धर्म कायम जुलूम करणाऱ्यांच्याच बाजूने राहिला, खरे सुधारक सगळे धर्म सोडलेले होते, आणि धर्म संपला की अन्याय आपोआप संपेल. मी काही देवभोळा नाही, पण तीन वाक्यं आणि तिन्ही चुकीची म्हणजे अतीच झालं.

पहिलं, 'कायम'. यात निम्मं खरंय, ते आधीच मान्य करतो. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाने १८४५ ला वेगळी चूल मांडली ती गुलामगिरीवरूनच, आणि माफी मागायला १९९५ उजाडलं, दीडशे वर्षं! पण त्याच भूमीवर १६८८ मध्ये जर्मनटाउनच्या काही क्वेकर (हाही ख्रिस्ती पंथच) मंडळींनी गुलामगिरीचा लेखी निषेध केला होता, आणि बायबल दोघांचंही तेच. १९६३ ला काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंग यांनी तिथल्याच बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून पत्र लिहिलं ते कुणाला, तर जरा दमानं घ्या, रस्त्यावर उतरू नका म्हणणाऱ्या आठ गोऱ्या धर्मगुरूंना. किंग स्वतः पाद्री. म्हणजे आत बसलेला पण धर्मगुरू आणि बाहेरून गप्प राहा सांगणारे पण धर्मगुरू, आता यातला खरा 'धर्म' कुठला ते मेसेजवाल्यांनीच सांगावं.

दुसऱ्या मुद्द्याला फुले आणि बाबासाहेबांचे फोटो लावलेत, तिथे मात्र डोकं सणकलं. फुल्यांनी पुरोहितांना झोडपून काढलं, देव आणि माणसात दलाल नको म्हणून १८७३ ला सत्यशोधक समाज काढला, पण निर्मिक, म्हणजे जग निर्माण करणारा देव, सोडला नाही. आणि बाबासाहेब? नाशिकच्या काळाराम मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून १९३० पासून जवळपास पाच वर्षं सत्याग्रह चालला, लोकांनी दगड खाल्ले, दार काही उघडलं नाही, मग १९३५ ला येवल्यात घोषणा झाली की हिंदू म्हणून मरणार नाही. मेसेज इथेच थांबतो, सोयीचं तेवढंच घेतलंय. पुढची एकवीस वर्षं कुठे गेली? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांसोबत त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. धर्मच नको असता तर येवल्याच्या दुसऱ्या दिवशी मोकळे झाले असते ना, इतकी वर्षं कशाला घालवली असती? धम्मात देव नाही हे मलाही माहितीय, पण मेसेज देवाबद्दल बोलतच नाहीये, धर्माबद्दल बोलतोय. यादीत नाव हवंच असेल तर तामिळनाडूच्या पेरियारांचं घ्या, ते उघड नास्तिक होते आणि जातीविरुद्ध जन्मभर लढले, त्यावर कुणाचं काही म्हणणं नाही.

तिसरं लवकर आटोपतो. सोव्हिएत रशियात चर्चना कुलपं लागली, पाद्री तुरुंगात गेले, शाळेत नास्तिकपणा शिकवला, तरी छळछावण्या भरलेल्याच होत्या आणि १९४४ ला क्रिमियातल्या तातारांचा अख्खा समाज काही दिवसांत रेल्वेत कोंबून हद्दपार केला. देवाची सही लागली नाही, पक्षाची पुरली.

आता काही जण हेच उचलून 'बघा, आपला धर्म किती भारी' म्हणत पुढे ढकलतील. त्यांनी काळारामची ती पाच वर्षं परत एकदा वाचावी, दाराच्या आत कोण उभं होतं ते बघावं.