‘दोन नंबर थंड, इरिडियमच, गॅप वाढवून’ : स्पार्क प्लगचा हा सल्ला कुठे फसतो

जुन्या गाडीच्या इंजिनावर थोडंफार काम केलं, की एक सल्ला हमखास मिळतो : “स्टॉक (कंपनीचा मूळ) प्लग काढ. दोन नंबर थंड घे, इरिडियमच घे, गॅप (इलेक्ट्रोडमधलं अंतर) वाढव. पॉवर वाढेल, इंजिनही सेफ राहील.” एका वाक्यात चार दावे आहेत, आणि चौघांचं सरसकट कौतुक करण्यासारखं काही नाही.

आधी ‘दोन नंबर थंड’. थंड प्लग म्हणजे टोकाची उष्णता लवकर बाहेर सोडणारा, आणि ही क्षमता सांगणारा प्लगवरचा आकडा म्हणजे हीट रेंज. चालू इंजिनात प्लगचं टोक साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवं. त्याखाली काजळी जळत नाही. फारच वर गेलं तर तापलेलं टोकच ठिणगीआधी मिश्रण पेटवतं. हीट रेंजचा एक नंबर बदलला की टोकाचं तापमान ढोबळमानाने ७० ते १०० अंशांनी सरकतं. म्हणजे दोन नंबरांत दीडशे-दोनशे अंश गेले. मोकळा एअर फिल्टर, हेडर (मोकळा एक्झॉस्ट पाइप), जरासा तेज कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट), किंचित वाढवलेलं कॉम्प्रेशन एवढ्याने इंजिन तितकं तापत नाही. मग ट्रॅफिकमध्ये, त्यातही कार्ब्युरेटर थोडा रिच (पेट्रोल जास्त सोडणारा) असेल तर, प्लगच्या पांढऱ्या पोर्सेलिनवर काजळी बसते, करंट तिच्यावरून बॉडीकडे पळतो आणि गाडी मिस मारायला लागते. दोष मात्र बिचाऱ्या कार्ब्युरेटरवर जातो! टर्बो बसवला असेल किंवा ट्रॅकवर लांबलचक फुल थ्रॉटल चालवायची असेल तर एक नंबर थंड जरूर घ्या. एरवी इंजिनाला मूळचा जो नंबर दिलाय, तिथूनच सुरुवात करा.

शिवाय ‘थंड’ म्हणजे कोणत्या बाजूला? एनजीके आणि डेन्सो या ब्रँडच्या प्लगमध्ये आकडा वाढला की प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियनमध्ये नेमकं उलटं. एनजीकेचा ६ सोडून ७ घेतला तर थंड प्लग मिळतो, बॉशचा ७ सोडून ८ घेतला तर गरम. ‘दोन नंबर वर जा’ एवढंच ऐकून बॉश घेणारा स्वतःच्या पिस्टनवर उठलाय.

‘सेफ राहील’ हे अर्धवट खरं आहे. प्लगचं टोक लाल होऊन होणारं प्री-इग्निशन (ठिणगीआधीचा पेट) थंड प्लगने थांबतं. चढावर ऐकू येणारी खडखड, म्हणजे नॉकिंग, बहुतेक वेळा टायमिंग, पेट्रोलचं ऑक्टेन, कॉम्प्रेशन आणि लीन (पेट्रोल कमी असलेल्या) मिश्रणातून येते. तिथे प्लग बदलून काही साधत नाही.

इरिडियम वाईट नाही. बारीक इलेक्ट्रोडला ठिणगीसाठी व्होल्टेज कमी लागतं आणि तो टिकतोही जास्त. पण आधीचा प्लग मिस मारत नसेल तर इरिडियमने पॉवर कुठून येणार? ट्यूनिंग चालू असताना प्लग सतत काढघाल होतात, काळे पडतात. त्या काळात साधा निकेलचाच बरा.

गॅपचं तर इग्निशनशी लग्न लागलेलं आहे. जुनं पॉइंटचं (यांत्रिक स्विचचं) इग्निशन आणि मूळ कॉइल असेल तर ०.६ ते ०.८ मिमी, सशक्त इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर १ मिमीच्या आसपास जाऊन बघा. कॉम्प्रेशन वाढलं की ठिणगीला व्होल्टेज जास्त लागतं, तेव्हा ताण पडत असेल तर गॅप थोडा कमीच करावा.

थ्रेडची लांबी मात्र बदलू नका. १२.७ मिमी थ्रेडसाठीच्या सिलिंडर हेडमध्ये १९ मिमीचा प्लग पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला लागू शकतो.

शेवटी प्लगलाच विचारा. मोकळ्या रस्त्यावर फुल थ्रॉटल द्या, क्लच दाबून इग्निशन बंद करा (किल्ली लॉकपर्यंत नको, स्टिअरिंग अडकेल), गाडी थांबवा आणि प्लग काढा. टोकावरच्या वाकलेल्या अर्थ पट्टीवर (बाहेरच्या इलेक्ट्रोडवर) रंग बदलल्याची रेघ दिसते. ती वाकाच्या आसपास असेल तर हीट रेंज ठीक, पट्टीच्या टोकाकडे असेल तर प्लग फार थंड, थ्रेडकडे सरकली असेल तर फार गरम.