अळीवरचे पांढरे कोष जाळायला सांगणारा फॉरवर्ड

हा फॉरवर्ड खरा मानून माझ्या मावशीने कुंडीतल्या झाडावरची अळी काडी लावून जाळली, म्हणून लिहावं लागतंय. मजकूर थोडक्यात असा: परजीवी गांधीलमाशी आशियात कधी नव्हती, परदेशी कंपन्यांनी आणून सोडली, ती माणसाच्या कातडीत अंडी घालते, एकदा सुटली की खंडभर पसरते, अळीच्या पाठीवर पांढरी अंडी दिसली तर लगेच जाळा.

शेवटचं आधी घेतो, कारण खरं नुकसान तिथं आहे. ती अंडी नाहीतच. तांदळाच्या कणीएवढे ते रेशमी कोष असतात. कोटेशिया वंशातली इवलीशी गांधीलमाशी अळीच्या अंगात अंडी घालते. पिल्लं आतून अळीला पोखरत वाढतात, कातडी फोडून बाहेर येतात आणि तिथंच कोष विणतात. म्हणजे कोष दिसले की त्या अळीचा कारभार आटोपला; तिचा पतंग होणं नाही. जाळून मरतात त्या फक्त पुढच्या अळ्यांना मारणाऱ्या माश्या.

माणसाच्या कातडीत अंडी? काहीही! ट्रायकोग्रामा ही अशीच दुसरी परजीवी गांधीलमाशी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची, ती पतंगाच्या अंड्यात अंडं घालते. दिव्यावर येणाऱ्या इक्न्युमॉन कुळातल्या काही मोठ्या माश्या चिमटीत धरल्या तर टोचतात, एवढं मान्य. पण त्या अंडी घालतात ती किड्यांत.

आशियात नव्हत्या म्हणे. लिंबावरच्या सायला किडीवर जगणारी टॅमरिक्सिया रेडिएटा ही परजीवी माशी कीटकशास्त्रज्ञ जेम्स वॉटर्स्टन यांनी 1922 मध्ये नोंदवली, ती लायलपूरच्या, म्हणजे आजच्या पाकिस्तानी पंजाबातल्या फैसलाबादच्या नमुन्यांवरून. त्याच पंजाबातून ती कॅलिफोर्नियात नेली आणि 2011 मध्ये तिथं सोडली. माल कुठून कुठं गेला, बघा!

बाहेरून काही आणल्या, हे खरंच. पपईवरच्या पिठ्या ढेकूण या किडीला आवरायला 2010 मध्ये पोर्टो रिकोहून असेरोफेगस पपाये भारतात आली. पण आणली सरकारी संशोधन संस्थेने, आणि तो ढेकूणही मूळचा परदेशीच. हे फॉरवर्डमध्ये कुठून येणार?

राहिलं खंडभर पसरणं. कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाला आवरायला आणलेली डायाडेग्मा सेमिक्लॉझम ही परजीवी माशी मलेशियाच्या थंड कॅमेरॉन हायलँड्समध्ये छान रुजली, पण सखल भागातला उकाडा तिला सोसत नाही. तिथं हे काम कोटेशिया वेस्टॅलिस करते, म्हणजे ज्यांचे कोष जाळायला सांगताहेत त्यांचीच भावकी.