हेगमधली ती मुलगी आणि तिच्या मागचा काळोख

योहानेस व्हर्मीरचे ‘गर्ल विथ अ पर्ल इअररिंग’, म्हणजे मोत्याचा डूल घातलेली मुलगी, हे चित्र मला आवडते, हे आधीच सांगून टाकते. पण ते व्हर्मीरचे सर्वांत श्रेष्ठ चित्र आहे, किंबहुना सतराव्या शतकातल्या डच चित्रकलेचा तो कळस आहे, असे जे सर्रास बोलले जाते ते मला पटत नाही. आणि नेदरलँड्समधल्या हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात ते प्रत्यक्ष पाहून आल्यापासून तर मुळीच पटत नाही.

या चित्राविषयी बोलताना बहुतेक जण सुरुवात करतात ती त्या काळ्या पार्श्वभूमीपासून. गडद अंधारातून एक चेहरा अचानक वळून आपल्याकडे पाहतो, त्याला ना घर आहे, ना खिडकी, ना काळ, आणि हीच व्हर्मीरची प्रतिभा, असे आपण कितीदा वाचले आहे. पण व्हर्मीरने 1665च्या सुमारास हे चित्र रंगवले तेव्हा ती पार्श्वभूमी काळी नव्हतीच. गडद थरावर त्याने नीळ आणि वेल्ड नावाच्या वनस्पतीपासून काढलेला पिवळा रंग यांच्या मिश्रणाचा एक पातळ, पारदर्शक, चकचकीत हिरवा हात दिला होता. हे दोन्ही रंग प्रकाशात टिकणारे नव्हते. ते हळूहळू उडाले आणि खालचा काळोख तेवढा उरला. 2018 साली संग्रहालयाने या चित्राची यंत्रांच्या साहाय्याने पुन्हा तपासणी केली, तेव्हा तो नुसता हिरवा रंगही नव्हता, तर चुण्या पडलेला हिरवा पडदा होता, असे लक्षात आले. ते वाचून गेले असल्यामुळे मी वरच्या उजव्या कोपऱ्याकडे बराच वेळ पाहत उभी होते. साध्या डोळ्यांना तिथे काहीही दिसत नाही. म्हणजे ज्या गूढ काळोखाचे श्रेय आपण चित्रकाराला देतो, तो त्याने कधी पाहिलाही नव्हता.

पापण्यांच्या केसांचेही तेच. तिला ते नाहीत आणि म्हणून ती या जगातली वाटत नाही, असे किती कौतुकाने लिहिले जायचे; त्याच तपासणीत व्हर्मीरने ते बारीक केस रंगवले होते हे सिद्ध झाले. आणि तो डूल! मोत्यांच्या कुड्या आणि नथी पाहत वाढलेल्या कुणालाही तो मोती आकारानेच अविश्वसनीय वाटेल. जवळून पाहिले तर तो म्हणजे पांढऱ्या रंगाचे दोनच हात आहेत, वर एक ठसठशीत आणि खाली कॉलरचा धूसर उजेड. कानात अडकवायची कडीसुद्धा नाही. इथे मात्र मी मनापासून हात जोडते, कारण एवढ्या थोडक्या रंगात एवढा भास निर्माण करणे हे व्हर्मीरचेच काम, आणि ओठांच्या कोपऱ्यातला तो इवलासा गुलाबी ठिपकाही त्याचाच.

मग एवढी कीर्ती आली कुठून? 1881 साली हेगमधल्या एका लिलावात हे चित्र अवघ्या दोन गिल्डर (जुने डच चलन) आणि 30 सेंटला विकले गेले, आणि 1902 साली ते मालकाच्या मृत्युपत्रानुसार संग्रहालयाकडे आले. पुढे 1999 साली त्यावर एक कादंबरी आली, 2003 साली तिच्यावरून चित्रपट निघाला, आणि आज पुष्कळांना ती मुलगी व्हर्मीरच्या घरची मोलकरीण होती हे खरेच वाटते. वस्तुतः हे कुणाचे व्यक्तिचित्र नाही. डच चित्रकार ज्याला ‘ट्रोनी’ म्हणत त्या जातीचा, म्हणजे एखादा भाव किंवा वेष दाखवण्यासाठी रंगवलेला हा चेहरा आहे. चेहरा मात्र कप, पिशवी, पोस्टर, कशावरही छापता येतो.

त्याच दालनात व्हर्मीरचे ‘डेल्फ्टचे दृश्य’, म्हणजे डेल्फ्ट या डच शहराचे चित्र, आहे, आणि माझी खरी तक्रार त्याच्यासाठी आहे. 1696 साली अॅम्स्टरडॅममध्ये व्हर्मीरच्या 21 चित्रांचा लिलाव झाला, त्यात सर्वाधिक म्हणजे 200 गिल्डर या चित्राला मिळाले. त्याच लिलावातल्या त्याच्या तीन ट्रोनींपैकी सर्वांत महाग गेली ती 36 गिल्डरांना. किंमत म्हणजे गुणवत्ता नव्हे हे मला मान्य आहे, पण व्हर्मीर जाऊन पुरती 20 वर्षे झाली होती आणि ग्राहकांची नजर चांगली तयार होती, हेही खरे आहे.

डेल्फ्टच्या या दृश्यात अर्ध्याहून अधिक चित्र नुसते आभाळ आहे. वरती एक काळा ढग, त्याच्या सावलीत नदीकाठची वेस आणि तटबंदी, आणि ऊन पडले आहे ते मागे, शहराच्या आत, नव्या चर्चच्या मनोऱ्यावर आणि एका पिवळ्या छपरावर. उजेड पुढे ठेवायचा सोडून मागे ठेवल्यामुळे डोळे आपोआप पाणी ओलांडून गावात शिरतात. 1654 साली दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट होऊन या शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला होता. त्यानंतर सहा-सात वर्षांनी व्हर्मीरने ते असे शांत, नुकताच पाऊस सरल्यासारखे रंगवले. डावीकडची कौले जवळून खरखरीत, दाणेदार दिसतात. उजवीकडच्या बोटींवर ओल्या लाकडाची चकाकी फक्त ठिपक्यांनी आणली आहे. अलीकडच्या वाळूवर दोन बायका बोलत उभ्या आहेत. त्यांचे चेहरे ओळखू येत नाहीत, आणि त्यांच्यासमोर मी अर्धा तास उभी होते तेव्हा शेजारी फारसे कुणी थांबले नाही.